पर्यटनातून रोजगार: नोकऱ्या किती यापेक्षा कोणाच्या आणि किती महिन्यांच्या?

मुक्काम_पोस्ट

विकसनशील देशाचा पर्यटनमंत्री भाषणाला उभा राहिला की एक वाक्य ठरलेलं असतं: जगातल्या दर दहा नोकऱ्यांपैकी एक पर्यटनामुळे आहे. आकडा हवेतला नाही. जागतिक प्रवास आणि पर्यटन परिषदेच्या हिशोबानं २०१९ मध्ये ३३ कोटींच्या वर लोकांची रोजीरोटी या धंद्यावर होती. मात्र ही परिषद धंद्यातल्या बड्या कंपन्यांचीच आहे, आणि तिच्या हिशोबात तीन थर एकत्र असतात. हॉटेलातला वेटर, हॉटेलला चादरी पुरवणारा, आणि या दोघांनी पगार खर्च केल्यामुळे ज्याचं दुकान चालतं तो. तिसऱ्या थरात कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं, हे मोजणाऱ्याच्या हातात.

मी पर्यटनाच्या विरोधात नाही, उलट बाजूनंच आहे. कारखाना जिथे कधीच येणार नाही अशा बेटावर, डोंगरात, जंगलाच्या कडेला हा धंदा जातो. पदवी नसलेल्याला काम देतो. निर्यातीत माल परदेशी पाठवावा लागतो, इथे गिऱ्हाईकच विमानात बसून दाराशी येतं. केप व्हर्दे २००७ मध्ये आणि मालदीव २०११ मध्ये अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडले, त्यात मोठा वाटा पर्यटनाचा होता.

पण मालदीवचंच पुढे बघा. पहिलं रिसॉर्ट १९७२ साली उघडलं. धोरण असं की एका बेटावर एक रिसॉर्ट, तेही निर्जन बेटावर. लोकवस्तीच्या बेटांवर पाहुणे उतरवायची मुभाच जवळपास नव्हती. म्हणजे पुढची तीन-साडेतीन दशकं सामान्य माणसाला या धंद्यात शिरायचं तर नोकर म्हणूनच, आणि घर सोडून. २००९ च्या सुमारास नियम बदलला, वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसं निघाली, आणि माफुशीसारख्या बेटावर कालपर्यंत मासेमारी करणारी कुटुंबं खोल्या भाड्यानं देऊ लागली. समुद्र तोच, पाहुणेही साधारण तेच. सरकारनं एक नियम काढल्यावर नोकराचा मालक झाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की नोकऱ्यांची संख्या हा सगळ्यात कमी कामाचा आकडा आहे. ती नोकरी कोणाला मिळाली, वर्षातले किती महिने टिकली, दहा वर्षांनी तो माणूस त्याच बादली-पोछ्यावर आहे की वर गेला, हे विचारावं. यावर अनुभवी लोकांनी लिहावं.

निवांत

वाचतोय. विषय चांगला काढलात.

हरकत_आहे

अहो, मुळात पैसा देशात राहतो का ते आधी बघा, मग नोकऱ्यांचं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हवाल्यानं वर्षानुवर्षं फिरणारा आकडा आहे: श्रीमंत देशातल्या पर्यटकानं शंभर डॉलर खर्च केले तर विकसनशील देशात पाचच राहतात. बाकीचे विमान कंपनी, टूर कंपनी, हॉटेलची परदेशी मालकी आणि आयात केलेला माल यांत गेले. पाच डॉलरवर कसली रोजगारनिर्मिती?

तळटीप

हरकत_आहे, हा आकडा मी इतक्या ठिकाणी वाचलाय की त्याला आता म्हणीचा दर्जा मिळायला हरकत नाही (तुमचीच). पण तो बनतो कसा ते बघा. पर्यटकानं मायदेशी भरलेलं विमानाचं तिकीट आणि तिथल्या टूर कंपनीचं कमिशन, सगळं त्या शंभरात धरलेलं असतं. परदेशी विमान कंपनीच्या तिकिटाचे पैसे नेपाळमधून गळाले असं म्हणायचं असेल तर ते आधी नेपाळमध्ये यायला हवे होते. ते कधी आलेच नाहीत. गळती मोजायची तर देशात उतरल्यानंतरच्या खर्चातली मोजा. तीसुद्धा कमी नसते, विशेषतः छोट्या बेटांवर जिथे साबणापासून लोण्यापर्यंत सगळं जहाजानं येतं. पण पाच टक्के ही सगळ्या जगाची सरासरी म्हणून फेकणं बरोबर नाही.

दुसरं, गळती आणि रोजगार यांचं नातं सरळ नाही. मालकी परदेशी असूनही हॉटेल भाजी-मासे-फर्निचर देशातून घेत असेल तर बाहेर भरपूर रोजगार तयार होतो. मालक देशी असून सगळा माल आयात करत असेल तर होत नाही. मालक कोण, यापेक्षा खरेदी कुठून होते ते पाहावं.

या विषयावर मला सगळ्यात पटलेलं काम मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचं आहे. बेंजामिन फेबर आणि सेसिल गोबेर या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. अडचण अशी असते की पर्यटन आलं म्हणून गाव सुधारलं, की गाव आधीच सुधारत होतं म्हणून पर्यटन आलं, हे वेगळं काढता येत नाही. त्यांनी पांढरी वाळू, किनाऱ्याजवळची बेटं आणि प्राचीन अवशेष असे निसर्गानं किंवा इतिहासानं दिलेले गुण घेतले आणि त्यांच्या आधारानं पर्यटनाचा परिणाम वेगळा काढला. निष्कर्ष दोन तोंडांचा आहे. जिथे पर्यटन गेलं तिथे रोजगार आणि उत्पन्न खरोखर बरंच वाढलं, इतकं की आसपास कारखानदारीलाही हात मिळाला. पण देशाच्या पातळीवर पाहिलं तर यातला बराच फायदा पुसला जातो, कारण माणसं आणि उद्योग दुसऱ्या भागांतून उठून तिकडे गेले आणि त्या भागांचा तेवढा तोटा झाला.

म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर आणि देशाचा अर्थमंत्री एकाच आकड्याकडे बघून वेगवेगळं बोलतील, आणि दोघंही बरोबर असतील.

मुक्काम_पोस्ट

तळटीप, हे आवडलं. कानकुन त्याच किनाऱ्यावरचं ना? ते तर सरकारनं कागदावर आखून उभं केलेलं शहर. १९७० च्या सुमारास काम सुरू झालं तेव्हा तिथे वस्ती म्हणावी अशी नव्हतीच, आणि १९७४ पासून हॉटेलं उघडत गेली. हॉटेलांची पट्टी समुद्राकडे, कामगारांचं शहर आत, मध्ये बस. आजही कामाची पाळी सुटली की तीच बस.

खतावणी

मी हिंदी महासागरातल्या एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये खरेदी विभागात काही वर्षं होतो. नाव विचारू नका. तळटीप म्हणतात ते ‘खरेदी कुठून होते’ माझ्याच टेबलावर ठरायचं, म्हणून सांगतो.

लोकांना वाटतं हॉटेलवाले मुद्दाम स्थानिक माल घेत नाहीत. तसं क्वचितच असतं. शेजारच्या बेटावर एक सहकारी गट टोमॅटो, काकडी, पपई पिकवायचा. माल उत्तम. शेफला चवीबद्दल तक्रार नव्हती. मग अडायचं कुठे? पहिलं म्हणजे आकार. नाश्त्याच्या बुफेत टोमॅटोचे काप एकसारखे दिसायला हवेत, आणि क्रेटमध्ये लिंबाएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत सगळे यायचे. दुसरं, वार. मला सोमवार-गुरुवार सकाळी साडेसहाला धक्क्यावर माल पाहिजे, समुद्र खवळला तरी. आयातदाराकडे शीतगृह होतं, तो एक दिवस आधीच माल आणून ठेवायचा. या गटाकडे एक होडी.

पण खरी माशी शिंकायची ती पैशात. आमच्या कंपनीची पद्धत साठ दिवसांच्या उधारीची. बिल आलं की ते मुख्य कार्यालयात जायचं, तिथून मंजुरी, मग पैसे. प्रत्यक्षात साठाचे नव्वद व्हायचे. आयातदाराला चालतं, त्याच्यामागे बँक असते. टोमॅटो पिकवणाऱ्या बाईला पुढचं बी आणि खत आज घ्यायचं असतं. दोन हंगाम त्यांनी रेटलं. नंतर त्या बाजारात रोखीनं विकू लागल्या, निम्म्या भावात, आणि मी पुन्हा विमानानं आलेला टोमॅटो घेऊ लागलो. तो दिसायला सुरेख आणि खायला पुठ्ठा.

शेतीखात्याच्या लोकांनी त्या गटाला प्रशिक्षण दिलं, ठिबक दिलं, पॉलीहाऊस दिलं. उधारीबद्दल एक अवाक्षर कोणी काढलं नाही. प्रकल्पाच्या अहवालात बहुतेक ‘शेतकऱ्यांमध्ये सातत्याचा अभाव’ असं लिहिलं गेलं असणार.

अबोली

खतावणी, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्या प्रशिक्षण संस्थेतले दिवस आठवले. मी हॉटेल व्यवस्थापन शिकवते, हाऊसकीपिंग माझा विषय. मुक्काम_पोस्ट यांच्या ‘वर गेला का’ या प्रश्नावर लिहिते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभर पर्यटनातल्या कामगारांत ५४ टक्के बायका आहेत, एकूण अर्थव्यवस्थेत ३९ टक्के. हे ऐकून मंत्री टाळ्या घेतात. त्याच अहवालात पुढे आहे की बायकांची कमाई पुरुषांपेक्षा १४.७ टक्क्यांनी कमी. कारण काय, तर कामाची वाटणीच तशी होते. खोल्या आणि लाँड्री बायकांकडे. बार, बेलबॉय, ड्रायव्हर, गाईड पुरुषांकडे. पाहुणा दिसतो तिथे टिप मिळते. खोली आवरणारीला पाहुणा दिसतच नाही, तिनं तो बाहेर गेल्यावरच आत जायचं असतं. त्यामुळे कागदावर दोघांचा मूळ पगार एकच असला तरी महिन्याच्या शेवटी हातात पडणारे पैसे वेगळे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९१ चा करार आहे, क्रमांक १७२, फक्त हॉटेल-उपाहारगृहांतल्या कामगारांसाठी. त्यात स्पष्ट लिहिलंय की टिप मिळो न मिळो, मूळ वेतन ठरल्या वेळेला मिळालंच पाहिजे. नोकऱ्यांच्या खरेदी-विक्रीलाही बंदी आहे, म्हणजे वेटरची जागा पैसे मोजून ‘विकत’ घ्यायचा प्रकार इतका सर्रास होता की करारात कलम घालावं लागलं! मोजक्याच देशांनी तो स्वीकारलाय.

वर जाण्याचं म्हणाल तर अडसर भाषेचा आणि हिशोबाचा असतो, अंगमेहनतीचा नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुली पलंग बिनसुरकुती लावायला चार दिवसांत शिकतात. सुपरवायझर व्हायला लागतं ते रोजच्या खोल्यांचं वाटप, चादरींचा साठा आणि बिघाडाची नोंद संगणकावर करणं. ते शिकवायला हॉटेल वेळ देत नाही, कारण शिकली की ती शेजारच्या हॉटेलात जाईल ही धास्ती. मग मॅनेजर बाहेरून येतात, आणि आकडेवारीत ‘स्थानिक कर्मचारी ८० टक्के’ झळकतं.

हरकत_आहे

अबोलीताई, पूर्ण सहमत. आता पडझडीबद्दल बोलू. धंदा चालू असतानाचेच गुण-दोष सगळे मोजताय.

श्रीलंकेत २०१८ मध्ये २३ लाखांवर परदेशी पर्यटक आले. २१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले. त्यातून सावरेपर्यंत कोविड. २०२१ मध्ये पूर्ण वर्षात दोन लाखसुद्धा आले नाहीत. २०२२ मध्ये डॉलर संपले, इंधन संपलं, देशानं कर्जफेड थांबवली. पर्यटन पडलं हे दिवाळखोरीचं एकमेव कारण नव्हतं, करकपात होती, रासायनिक खतांवरची बंदी होती, जुनी कर्जं होती. पण परकीय चलनाचा मोठा नळ बंद झाला हे खरंच. २०२४ मध्ये पुन्हा वीस लाखांवर गेले. आकडा परत आला. दरम्यान ज्यानं टुकटुक विकली, तो? ज्या पोराला हॉटेलनं काढलं आणि जो आखातात गेला, तो?

जगभरचं बघा. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय पर्यटक १४६ कोटींच्या घरात होते, २०२० मध्ये चाळीस कोटींच्या आसपास. एका वर्षात इतका आपटणारा दुसरा निर्यातीचा धंदा दाखवा. आणि यातल्या बहुतेकांना ना लेखी करार, ना नोकरी गेल्यावरचा भत्ता.

निवांत

गॅम्बियाचा विषय अजून कुणीच काढला नाही, म्हणून मीच काढतो. देश चिमुकला, पश्चिम आफ्रिकेतली नदीकाठची पट्टी. युरोपातून हिवाळ्यात स्वस्त पॅकेजवर लोक येतात. १९९९ मध्ये सरकारनं ऑल-इन्क्लुसिव्ह पॅकेजवर बंदीच घातली. विचार सरळ होता: खाणंपिणं सगळं हॉटेलातच भरलेलं असेल तर पाहुणा फाटकाबाहेर पाय कशाला टाकेल, आणि बाहेरच्या खाणावळीनं, टॅक्सीवाल्यानं काय करायचं? परदेशी टूर कंपन्यांनी डोळे वटारले, पर्यटक दुसरीकडे वळवण्याची भाषा झाली, आणि २००० च्या अखेरीस बंदी उठली.

मला मात्र यापुढचा भाग जास्त रंजक वाटतो. किनाऱ्यावर फळं विकणाऱ्या बायका, रस काढून देणारे, हस्तकलेचे विक्रेते आणि गाईड पाहुण्यांच्या इतके मागे लागायचे की पाहुणे हॉटेलच्या बाहेर पडायलाच घाबरायचे. हॉटेलवाले सुरक्षारक्षक ठेवून यांना हाकलायचे. मग या विक्रेत्यांनीच संघटना केल्या. ठरलेले ठेले, ओळखपत्र, आळीपाळीनं गिऱ्हाईक, भावाचे फलक, मागे न लागण्याचा नियम. हॉटेलांनीही पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली की यांच्याकडून घ्या, बिनधास्त घ्या. उत्पन्न वाढलं. नवा पर्यटक एकही आणला नाही, नवं हॉटेल एकही बांधलं नाही. होता तोच पाहुणा फाटकाबाहेर आला.

तळटीप

निवांत, नाव निवांत आणि प्रतिसाद सगळ्यात कामाचा!

हरकत_आहे, पडझडीला एक उत्तर म्हणून ‘पाहुणे थोडे, पैसा जास्त’ हे धोरण सांगितलं जातं. रवांडानं गोरिला बघायचा परवाना २०१७ मध्ये ७५० वरून १,५०० डॉलरवर नेला. एका कळपाला दिवसात जास्तीत जास्त आठ पर्यटक, एक तास. उद्यानांच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा आसपासच्या वस्त्यांना, शाळा, पाणी, आरोग्यकेंद्रं यांसाठी. आता इथे थेट नोकऱ्या मोजल्या तर थोड्याच निघतील: माग काढणारे, गाईड, हमाल, लॉजचे लोक. पण पैसा पोचण्याचा दुसरा मार्ग आहे. केनियात मसाई माराच्या भोवती जमीनमालक आपापले तुकडे एकत्र करून राखीव क्षेत्र करतात आणि पर्यटन छावण्या त्यांना दरमहा भाडं देतात. त्या मसाई कुटुंबाला पर्यटनात नोकरी नाही, तरी खात्यात पैसे येतात आणि गुरं राखायचं काम चालूच राहतं. नोकऱ्यांच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

हरकत_आहे

आणि २०२० मध्ये छावण्या रिकाम्या झाल्यावर ते भाडंही अडचणीत आलं, तेवढं लिहायचं राहिलं.

बरं, तुमच्या ‘पाहुणे थोडे’वाल्यांचा आदर्श भूतान. सप्टेंबर २०२२ मध्ये दार पुन्हा उघडताना पर्यटकांवरचं सरकारी शुल्क माणशी रात्रीला २०० डॉलर केलं. वर्षभरात ते १०० वर आणावं लागलं, कारण हॉटेलं ओस पडली. तोवर तरुण पोरं ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती. श्रीमंत पाहुण्याची वाट बघत गाईड उपाशी बसू शकत नाही.

मुक्काम_पोस्ट

भूतानवर तुमच्याशी सहमत, पण अर्धाच. शुल्काचा पैसा तिथे आरोग्य-शिक्षणाला जातो, तो नोकरीच्या हिशोबात धरायचा की नाही? ऑस्ट्रेलियाची लाट फक्त पर्यटनामुळे नव्हती, सरकारी नोकऱ्या सोडूनही लोक गेले.

पडझडीवर मला एक गोष्ट ठोस वाटते. जमैकानं २०१९ मध्ये पर्यटन कामगारांच्या पेन्शनचा कायदा केला आणि २०२२ मध्ये योजना सुरू झाली. पगारी, कंत्राटी, स्वतःचा धंदा असलेला टॅक्सीवाला किंवा हस्तकला विक्रेता, सगळ्यांना त्यात जाता येतं. हॉटेल बदललं तरी खातं तेच.

अबोली

हे उत्तम आहे, फक्त पेन्शन म्हातारपणाची. पावसाळ्यात हॉटेल चार महिने अर्धं बंद असतं तेव्हा घरभाड्याचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. आमच्या माजी विद्यार्थिनी त्या महिन्यांत शिवणकाम करतात, शेतावर जातात. ‘हंगामी’ हा शब्द धोरणात फार सहज लिहिला जातो.

आणि कामगारांनी एकत्र येऊन काही मिळवल्याची उदाहरणं या धाग्यात कमी आहेत, म्हणून एक देते. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार मरण पावले, पाहुण्यांसाठी दोर-सामान वाहताना. सरकारनं सुरुवातीला जाहीर केलेली मदत होती प्रत्येक कुटुंबाला ४० हजार नेपाळी रुपये. शेर्पांनी त्या हंगामात नेपाळच्या बाजूनं चढाईच नाकारली. त्यानंतर विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. संप करायची ताकद होती कारण त्यांच्यावाचून कुणीही वर जाऊ शकत नव्हतं. पलंग लावणारीकडे ती ताकद नाही, तिच्या जागी दुसरी लगेच मिळते.

मुक्काम_पोस्ट

खतावणी, तुमच्या उधारीच्या मुद्द्यावर परत येतो. जमैकानं शेतकरी आणि हॉटेल यांची थेट गाठ घालणारी एक व्यवस्था केली आहे, कोणाकडे किती माल आहे ते हॉटेलला एका ठिकाणी दिसतं. तुमच्या वेळी तसं काही असतं तर फरक पडला असता?

खतावणी

आकार आणि वार यांत नक्की पडला असता. चार गटांचा माल एकत्र आला की निवडून एकसारखा क्रेट भरता येतो, आणि एकाची होडी अडकली तर दुसऱ्याची येते. उधारीत काहीच फरक नाही. गाठ पडली म्हणून साठ दिवसांचे पंधरा होत नाहीत.

माझ्या मते ते परवान्यातच लिहावं. हॉटेलला जमीन, धक्का, करसवलत सरकार देतं. त्या बदल्यात अमुक रकमेखालच्या स्थानिक पुरवठादाराचे पैसे पंधरा दिवसांत, ही अट. हॉटेलचं काही फार बिघडत नाही. भाजीची स्थानिक बिलं एकूण खर्चात चिल्लर असतात, आमच्याकडे तर त्यांची थकबाकी शेफच्या वाईनच्या एका ऑर्डरपेक्षा कमी असायची. पाहुण्याकडून आम्ही पैसे आगाऊच घेतलेले असायचे, तोही भाग आहेच.

हरकत_आहे

अट लिहिली, तपासणार कोण? पर्यटन खात्याचा निरीक्षक येणार, जेवून जाणार.

खतावणी

त्याला यायची गरज नाही. खरेदीवरचा कर वळता करून घ्यायचा, म्हणजे स्वतःच्या करातून वजा करून घ्यायचा, तर हॉटेलला बिलं दाखवावीच लागतात. बिलाची तारीख आणि बँकेतून पैसे गेल्याची तारीख दोन्ही नोंदीत असतात. पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावरचा कर वळता होणार नाही, एवढं कर खात्यानं ठरवलं की मुख्य कार्यालयातली मंजुरी आपोआप लवकर येते. कर बुडतोय म्हटल्यावर आमचा लेखापाल रविवारीसुद्धा सही करायचा.

हरकत_आहे

आणि त्या टोमॅटोवाल्या बाईचं पक्कं बिल? ती कर खात्यात नोंदलेलीच नसणार, मग वळतं काय करणार?

खतावणी

बरोबर, म्हणूनच बिल गटाच्या नावानं हवं. आमच्या शेजारच्या बेटावर गट होता आणि त्याची नोंदणीही होती. जिथे गट नाही तिथे हा मार्ग चालणार नाही, तिथे आधी गट बांधायला लागेल.